प्राचीन कलेचे कर्ते कोण?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस जो विषय नेमून दिला तो 'जगातील कलेचा इतिहास : आदिमानवापासून प्राचीन संस्कृतींपर्यंत' असा आहे. वेळ दिला आहे एक तास. आम्ही उभा जन्म शाळेत गणित आणि इतिहास शिकविण्यात घालविला, त्यामुळे पहिला विचार हिशेबाचा आला. पन्नास हजार वर्षे साठ मिनिटांत बसवावयाची तर मिनिटास आठशे वर्षांहून अधिक पडतात. कोणी मध्ये खोकला तरी एखादे साम्राज्य बुडावयाचे! तेव्हा सगळाच प्रवास धावत न करता आम्ही एकच प्रश्न हाती घेऊन या काळातून चालणार आहोत. या मूर्ती, ही चित्रे, हे मणी ज्यांच्या हातांनी घडले ते हात कोणाचे होते, आणि त्या हातांच्या धन्यास त्याच्या समाजाने काय दिले? आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. विद्वानांच्या वादात आमचा अधिकार नाही. परंतु ज्या ज्ञातीच्या घराघरांत दोन पिढ्यांपूर्वी भाता, मूस, पटाशी आणि छिन्नी यांचा आवाज होता, तिच्यापुढे हा प्रश्न मांडण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटते.

इतिहासाची पुस्तके आम्ही पुष्कळ शिकविली. त्यांत 'खुफूने पिरॅमिड बांधला' असे लिहिलेले असते. खुफूने एक दगड तरी उचलला असेल की नाही, देव जाणे.

आरंभ जर्मनीच्या दक्षिण भागापासून करू. तेथील एका गुहेत १९३९ साली मॅमथ नावाच्या नामशेष झालेल्या हत्तीच्या सुळ्याचे तुकडे सापडले. पुढे ते जुळविले तेव्हा त्यांतून एक उभी आकृती तयार झाली. धड माणसाचे, मस्तक सिंहाचे. उंची सुमारे ३१ सेंटिमीटर, वय सुमारे ४० हजार वर्षे. आपणांस नरसिंहाची आठवण होणे स्वाभाविक आहे, परंतु तो संबंध जोडण्यास काही आधार नाही, म्हणून आम्ही तो जोडीत नाही. आम्हांस त्या मूर्तीपेक्षा तिच्यासंबंधीचा एक प्रयोग महत्त्वाचा वाटतो. त्या काळी उपलब्ध होती तशाच दगडी हत्यारांनी तशी आकृती कोरावयास किती वेळ लागतो हे तज्ज्ञांनी करून पाहिले. सुमारे ४०० तास लागले. दिवसास आठ तास धरले तरी पन्नास दिवस झाले! आता विचार करा. बाहेर हिमयुगाची थंडी, शिकार मिळेल त्या दिवशी जेवण, आणि टोळीतील एक धडधाकट माणूस शिकारीस न जाता शेकोटीपाशी बसून हस्तिदंत घाशीत आहे. त्यास कोणीतरी पन्नास दिवस जेवू घातले असले पाहिजे. त्याचे काम टोळीस मांसाच्या वाट्याइतके मोलाचे वाटले असले पाहिजे. कलावंतास समाजाने पोसावे की नाही यावर अलीकडे सभासंमेलनांतून भाषणे होतात. चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या त्या टोळीने तो ठराव भाषणावाचूनच संमत केला होता.

चेकोस्लोव्हाकियाचा जो भाग १९९३ पासून चेक प्रजासत्ताक झाला, तेथे डोल्नी व्हेस्टोनित्से नावाच्या ठिकाणी सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीची भाजलेल्या मातीची स्त्रीमूर्ती मिळाली आहे. उंची उणीपुरी ११ सेंटिमीटर. त्या भागात मातीचे मडके यावयास त्यानंतर हजारो वर्षे लागली. म्हणजे माणसाने माती भाजण्यास शिकल्यावर पाणी भरावयास घट न करता प्रथम मूर्ती केली. 'पोट भरल्यावर कला सुचते' असे आपण सहज म्हणतो, त्या म्हणण्याने ही अकरा सेंटिमीटरची बाई अडचणीत येते.

आता एक कथा सांगतो. ती थोडी विस्ताराने सांगणार आहोत, कारण तिच्यात न्याय-अन्यायाचा प्रश्न आहे.

स्पेनच्या उत्तरेस सांतांदेर प्रांतात मार्सेलिनो सान्झ दे साउतुओला नावाचे एक जमीनदार गृहस्थ होते. त्यांस जुन्या वस्तूंचा नाद होता. १८७८ साली ते पॅरिसच्या प्रदर्शनास गेले, तेथे त्यांनी गुहांतून मिळालेली, हाडांवर कोरलेली लहान लहान कामे पाहिली, आणि परत येऊन आपल्या गावाजवळच्या अल्टामिरा गुहेत ते खणू लागले. १८७९ साली त्यांची आठ वर्षांची कन्या मारिया त्यांजबरोबर गुहेत गेली. वडील मान खाली घालून जमीन उकरीत होते. मुलगी लहान, ती सहज मान वर करून पाहत होती. छतावर तिला बैल दिसले. ते बैल नव्हते, गवे होते. तांबड्या, पिवळसर आणि काळ्या रंगांत रंगविलेले, आणि खडकाला जेथे नैसर्गिक फुगवटा होता तेथे नेमका गव्याचा खांदा किंवा पुठ्ठा येईल अशा बेताने काढलेले. सुमारे पंधरा हजार वर्षे अंधारात असलेले ते छत एका बालिकेने प्रथम ओळखले.

साउतुओलांनी १८८० साली छोटेसे पुस्तक छापून ही चित्रे आदिमानवाची आहेत असे जगास कळविले. जगाने काय केले? फ्रान्सचे मोठे पंडित एमिल कार्तैलाक आणि गाब्रिएल द मोर्तिये यांनी ते साफ नाकारले. स्वतः कार्तैलाक गुहा पाहावयासही गेले नाहीत. कोणी म्हणाले, साउतुओलांनी एका चित्रकाराकडून छत रंगवून घेतले. म्हणजे ज्याने मान खाली घालून प्रामाणिकपणे खणले तो लबाड ठरला! पंडितांचा मुख्य आक्षेप मात्र चित्रांच्या वयावर नव्हताच. तो कर्त्यावर होता. ज्यास लोखंड ठाऊक नाही, जो कातडी पांघरतो, तो रानटी मनुष्य इतके चांगले चित्र काढूच शकणार नाही, ही त्यांची मनात पक्की झालेली समजूत होती. चित्र चांगले आहे, म्हणून ते त्याचे नाही! हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. गरीब घरच्या मुलाने निबंध चांगला लिहिला की 'कोणाचा उतरविलास?' म्हणून त्यास प्रथम विचारणारे शिक्षक आम्ही पाहिले आहेत.

साउतुओला १८८८ साली वारले. त्यांच्यावरचा डाग तसाच राहिला. पुढे फ्रान्समध्येच एकामागून एक चित्रित गुहा उजेडात आल्या. १८९५ साली ला मूत, १९०१ साली कोंबारेल आणि फों-द-गोम. तेथील चित्रांवर काही ठिकाणी हजारो वर्षांचा क्षारांचा थर साचलेला, तेव्हा ती कालची म्हणावयास जागा उरली नाही. अखेर १९०२ साली कार्तैलाक यांनी आपली चूक छापून कबूल केली, आणि ते अल्टामिरास जाऊन आले. त्यांचा हा मोठेपणा आम्ही मान्य करतो. परंतु ज्यांची क्षमा मागावयाची ते चौदा वर्षांपूर्वीच गेले होते.

या प्रकरणास आपल्या देशातील एक जोड आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. अल्टामिराच्या शोधापूर्वी सुमारे बारा वर्षे, १८६७-६८ साली, आर्चिबाल्ड कार्लाइल या इंग्रज संशोधकाने मिर्झापूरच्या डोंगरांतील कपारींत खडकावरील चित्रे पाहिली होती आणि ती फार प्राचीन असावीत असा अंदाजही केला होता. त्याने ते वेळेवर प्रसिद्ध केले नाही, म्हणून तो मान स्पेनकडे गेला. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी, १९५७ साली, उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर आगगाडीने भोपाळकडे जात असता त्यांस खिडकीतून डोंगरावर विशिष्ट आकाराचे खडक दिसले, आणि तेथे चढून गेल्यावर भीमबेटकाची शेकडो चित्रित कपारी-घरे उजेडात आली. वाकणकर आपले मराठी गृहस्थ, स्वतः चित्रकार. म्हणूनच खिडकीतून दिसणाऱ्या खडकाकडे त्यांची दृष्टी गेली असावी. १९७५ साली त्यांस पद्मश्री मिळाली, आणि २००३ साली भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत गेले. ते पाहावयास मात्र वाकणकर नव्हते, १९८८ साली त्यांचा अंत झाला होता.

आपल्या महाराष्ट्राचा वाटाही लहान नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शं. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे कवच मिळाले आहे. त्यावर आडव्या-तिरप्या रेघांची जाळीदार नक्षी कोरलेली आहे. वय सुमारे २५ हजार वर्षे. खानदेशात एके काळी शहामृग धावत होते हे ऐकून आम्ही वर्गातील मुलांइतकेच चकित झालो होतो. कोकणातील मंडळींनी तर आपल्या सड्यांवरचे कातळ पाहिलेच असतील. राजापूर तालुक्यातील कशेळी येथे जांभ्यावर प्रचंड हत्ती खोदलेला आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी भरलेले आहेत. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, आणि गोव्यात कुशावतीच्या काठी पणसाईमोळ, ही सर्व त्याच कुळातील. २०२२ साली ही कातळशिल्पे जागतिक वारशाच्या प्राथमिक यादीत नोंदली गेली. त्यांतील काही प्राणी, जसा गेंडा, आज कोकणात नाहीत. गुरे राखणाऱ्या पोरांस ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती; 'शोध लागला' तो शहरातील माणसास लागला.

आणि सर्वांत जुने चित्र कोठले म्हणाल, तर युरोपचा तो जुना मान आता राहिलेला नाही. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील एका गुहेत रानडुक्कर आणि त्याच्याभोवती माणसांसारख्या आकृती असे चित्र आहे. ते किमान ५१,२०० वर्षांचे असल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. कार्तैलाक यांच्या पिढीस हे सांगितले असते तर त्यांनी काय म्हटले असते याची कल्पना करावी.

येथवर आपला कर्ता बिननावाचा आहे, परंतु तो हलका मानला गेल्याचे कोठेही दिसत नाही. पुढे शेती आली, शहरे आली, राजा आला, कोठार आले आणि कोठाराचा हिशेब ठेवणारा कारकून आला. या कारकुनावर आपण लक्ष ठेवावे.

तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यातील सुमेर लोकांचे वर्णन आम्ही थोडक्यात करतो. त्यांच्या उरुक नगरात पाच हजार वर्षांपूर्वीचा सुमारे एक मीटर उंचीचा अलाबास्टर दगडाचा कलश मिळाला. त्यावर खाली पाणी, वर पीक, त्यावर मेंढ्या, त्यावर नैवेद्याची पात्रे घेतलेल्या उघड्या माणसांची रांग, आणि सर्वांत वर देवीचे द्वार, अशा पट्ट्या कोरलेल्या आहेत. समाजाची उतरंडच त्या दगडात उतरली आहे. हा कलश २००३ सालच्या युद्धात बगदादच्या संग्रहालयातून लुटला गेला आणि दोन महिन्यांनी तुकड्यांच्या रूपात परत आला. पाच हजार वर्षे मातीने सांभाळले, ते माणसाच्या हाती सुरक्षित राहिले नाही.

इजिप्तकडे मात्र आम्ही सावकाश पाहणार आहोत, कारण तेथे कर्ता प्रथमच आपल्याशी बोलतो.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इर्तिसेन नावाच्या शिल्पकाराची शिळा आहे. काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, दुसऱ्या मेंतुहोतेपच्या कारकिर्दीचा. या शिळेवर इर्तिसेनने आपले ज्ञान अभिमानाने सांगितले आहे. पुरुषाचा पवित्रा कसा, स्त्रीची चाल कशी, पाणघोड्यावर भाला फेकणाऱ्याचा हात कसा उचलला जातो, हे सर्व आपणांस येते. अग्नीने न जळणारे आणि पाण्याने न धुपणारे जडावाचे रंग आपणांस करता येतात. आणि ही विद्या आपण व आपला थोरला मुलगा यांवाचून कोणास उमगणार नाही, असा त्याचा आशय आहे. मुलाच्या हातचे सोन्याचे, चांदीचे, हस्तिदंताचे काम पाहून तो धन्य झालेला आहे. आमच्या आजोबांच्या पिढीतील कोणी म्हातारा ओटीवर बसून बोलत आहे असेच आम्हांस वाचताना वाटले. 'थोरल्यास सगळे दाखविले आहे, बाहेर सांगू नको म्हटले आहे,' ही भाषा आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल.

जवळजवळ त्याच युगात दुसरा एक लेख झाला. त्यात बाप आपल्या मुलास नावेत घालून राजधानीच्या शाळेत लेखनिक होण्यासाठी घेऊन चालला आहे, आणि वाटेत तो एकेका कारागिराची निंदा करतो. धातू तापविणाऱ्याची बोटे पाहा कशी झाली आहेत, त्याच्या अंगास घाण येते. कुंभार मातीत लोळतो. गवंड्याची कंबर मोडते. परीट मगरीच्या शेजारी धुतो. सुखी एकटा लेखनिक, कारण त्यावर कोणी मुकादम नाही! हा लेख शाळेतील मुलांस शतकानुशतके कित्ता म्हणून घातला जात असे. आम्ही स्वतः लेखनिकाच्या जातीचे, म्हणजे मास्तर. 'शीक, नाहीतर भाता ओढीत बसशील' असे आपल्याच मुलास दटावणारे पालक आमच्या शाळेच्या दारात किती आले याची गणती नाही. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. भात्याने पोट भरत नव्हते, आणि घरचे दुःख घरच्यासच ठाऊक. परंतु हे वाक्य चार हजार वर्षांचे जुने आहे एवढे आपणांस ठाऊक असावे.

यातील विशेष पुढेच आहे. या लेखाच्या अनेक प्रती ज्या गावी सापडल्या ते गाव कारागिरांचे होते. लक्सोरच्या पश्चिम तीरावर, डोंगराच्या कुशीत, आज देर-एल-मदिना म्हणतात ती वस्ती. राजांची थडगी खोदणारे आणि रंगविणारे कामगार तेथे सुमारे चारशे वर्षे पिढीजात राहिले. गाव साठ-सत्तर घरांचे. पाणी गाढवावरून यावयाचे. दहा दिवसांचा आठवडा. आठ दिवस काम, दोन दिवस सुट्टी. सुट्टीत ते स्वतःची थडगी रंगवीत. सेन्नेजेम नावाच्या कारागिराचे थडगे १८८६ साली सापडले, त्यातील पिकाच्या शेताचे चित्र राजाच्या थडग्यास लाजवील असे आहे. गावात लिहिता येणारे बरेच असल्यामुळे चुनखडीच्या चिपांवर हिशेब, पत्रे, भांडणे, उधारी असे सगळे लिहून ठेवलेले आहे. आम्हांस अत्यंत जिव्हाळ्याची वाटली ती लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातील चीप. तो दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचा हजेरीपट आहे! सुमारे चाळीस कामगारांची नावे, पुढे गैरहजेरीचे दिवस, आणि दिवसांच्या वर लाल शाईने कारण. अमका आजारी. तमक्यास विंचू चावला. एक जण घरी मद्य गाळीत होता. एकाची आई वारली, तो तिचा देह गुंडाळीत होता. चौतीस वर्षे हजेरीपट भरलेल्या माणसास हे वाचून गहिवर येणार नाही तर काय? ज्यांस आपण 'इजिप्तची कला' म्हणतो, ती या विंचू चावलेल्या आणि आई गेलेल्या माणसांनी केली.

ते काम कसे चाले तेही कळते. होरेमहेब राजाचे थडगे अपुरे राहिले, म्हणून त्याच्या भिंतींवर सर्व पायऱ्या दिसतात. प्रथम लाल रेघांनी आकृती, मग वरिष्ठाने काळ्या रेघेने केलेली सुधारणा, मग छिन्नी, मग रंग. आम्ही काळ्यावर तांबड्याने सुधारीत असू. तेथे तांबड्यावर काळ्याने. पद्धत तीच. आकृतीचे प्रमाण चौकटी आखून बसवीत. उभा मनुष्य तळव्यापासून कपाळावरील केसांच्या रेषेपर्यंत अठरा चौकटींचा.

तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व बाराव्या शतकाच्या मध्यास, या कामगारांचा शिधा थकला. त्यांची मजुरी धान्यात असे. ते काम टाकून निघाले आणि एका देवळाच्या पाठीमागे जाऊन बसले. आम्हांस भुकेने व तहानेने येथे आणले, वस्त्र नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, हे राजास कळवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांस बजावले. याची नोंद असलेला कागद इटलीतील तुरीन येथे आहे. लेखी पुराव्याने ठाऊक असलेला जगातील हा पहिला संप. तो राजाचे थडगे रंगविणाऱ्यांनी केला. शिधा मिळाला, पुन्हा थकला, पुन्हा ते बसले. ज्या राजास मृत्यूनंतर अनंतकाळचे भोजन मिळावे म्हणून हे भिंतीवर ताटे रंगवीत होते, त्याच्या कोठारातून यांच्या घरी धान्य वेळेवर येत नव्हते.

नेफरतितीचा मुखवटा आपण चित्रांतून पाहिला असेल. तो अर्धपुतळा ६ डिसेंबर १९१२ रोजी जर्मन मंडळींस एका घराच्या आवारात मिळाला, तो आज बर्लिनमध्ये आहे. ते घर शिल्पकार थुतमोसचे होते, हे कशावरून कळले? आवारातील खड्ड्यात पडलेल्या, घोड्याच्या डोळ्यावर बांधावयाच्या हस्तिदंती झापडीवर त्याचे नाव होते म्हणून. राणीच्या पुतळ्यावर त्याचे नाव नाही.

आता आपल्या सिंधु संस्कृतीकडे येऊ. येथे राजाचा भव्य पुतळा नाही. आहेत त्या लहान वस्तू, आणि त्यांच्यातील काम इतके नेटके की हात थक्क होतो. कार्नेलियनचे, म्हणजे तांबड्या अकिकाचे, लांब मणी पाहा. इतक्या कठीण दगडास दोन्ही टोकांकडून आरपार भोक पाडावयाचे. एकेका लांब मण्याच्या भोकास अनेक दिवस लागत असे संशोधकांनी करून पाहिले आहे. हे मणी समुद्रमार्गे सुमेरच्या उर नगरातील राजघराण्याच्या थडग्यांपर्यंत गेले. गुजरातेत खंबायतला अकिकाचे मणी करणारे कारागीर आजही आहेत, आणि सिंधूचा मणी कसा होत असेल हे समजून घेण्यासाठी परदेशी विद्वान त्यांच्यापाशी जाऊन बसले. पुस्तकात नव्हते ते त्यांच्या मनगटात होते.

मोहेंजोदडो येथे १९२६ साली मिळालेली काशाची नर्तकी अवघी साडेदहा सेंटिमीटरची आहे. कमरेवर हात, एका दंडभर बांगड्या, मान किंचित मागे. ती ज्या पद्धतीने ओतली ती आपल्यापैकी ओतकाम जाणणाऱ्या वृद्धांस सांगावयास नको, परंतु तरुणांसाठी सांगतो. प्रथम मेणाची मूर्ती करावयाची. तीवर गाळीव मातीचा पातळ लेप, मग जाड लेप, खाली एक तोंड ठेवावयाचे. सुकल्यावर तापविले की मेण वितळून वाहून जाते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा, निवाला की माती फोडावयाची. साचा एकदाच चालतो; चुकले तर पुन्हा मेणापासून आरंभ. यास आपल्या शिल्पग्रंथांत मधूच्छिष्टविधान म्हटले आहे, मधूच्छिष्ट म्हणजे मेण. साडेचार हजार वर्षांपूर्वीची कृती आणि आजची कृती यांत मोठे अंतर नाही.

याच परंपरेतील एक थोर वस्तुसंच आपल्या प्रवरेच्या काठी सापडला. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली एका भिल्ल गृहस्थास झुडपाचे मूळ खणताना चार तांब्याच्या वस्तू लागल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि दोन बैलांचा रथ, त्यात उभा सारथी. सगळे ओतकाम भरीव. एकूण वजन साठ किलोंहून अधिक. बहुतेक विद्वान त्यांस उत्तर-सिंधु काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. काहींची शंका आहे, कारण त्या रीतसर उत्खननाच्या थरात मिळालेल्या नाहीत. रथातील सारथी पाहावा. तो देव नाही, राजा नाही. बैल हाकणारा, थोडा पुढे झुकलेला मनुष्य आहे. कर्त्याने बैलगाडी रोज पाहिली होती हे सांगावे लागत नाही.

त्याच १९७४ साली चीनमध्ये शेतकरी विहीर खणीत असता पहिल्या चिनी सम्राटाची मातीची सेना उजेडात आली. त्या हजारो सैनिकांपैकी काहींच्या अंगावर कारागिरांची नावे ठोकलेली आहेत. आम्हांस प्रथम आनंद झाला. मग कळले की ती नावे गौरवासाठी नव्हती. काम कच्चे निघाले तर कोणास धरावयाचे ते कळावे म्हणून होती. ग्रीक लोकांचे तऱ्हेवाईकपण वेगळे. त्यांचे कुंभार आणि चित्रकार घटांवर अभिमानाने नाव घालीत. एक्सेकियस तर कुंभार म्हणूनही घाली आणि चित्रकार म्हणूनही. पण त्यांचाच ग्रंथकार प्लुटार्क असा अभिप्राय देतो की फिडियसची झ्यूसमूर्ती पाहून कोणा कुलीन तरुणास आपण फिडियस व्हावे असे वाटणार नाही. मूर्ती हवी, कर्ता होणे नको!

आमच्याकडे काय होते? याचे उत्तर आम्हांस आपल्याच सह्याद्रीत मिळाले, आणि तेवढे सांगून आम्ही बसणार आहोत.

सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर लेख आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केले. हस्तिदंत कोरणाऱ्यांनी दगड हाती घेतला होता. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पितळखोरे येथे एक यक्षमूर्ती मिळाली. बुटका, ढेरपोट्या, हसरा यक्ष. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत लिहिले आहे की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली. त्या यक्षाच्या गळ्यातील आणि दंडातील दागिने पाहिले म्हणजे दगडावर सोनाराचा हात चालला आहे हे न वाचताही ओळखावे. कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे लेण्यात एका भग्न आकृतीपाशी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. शिष्याने आपल्या नावाआधी गुरूचे नाव घातले आहे. हे वाचून एका मास्तरास काय वाटले असेल ते आम्ही येथे वर्णन करीत नाही.

आणि कार्ल्याचे लेणे. चैत्यगृहाचे छत दगडाचे, परंतु त्यास बसविलेल्या लाकडी कमानी जवळजवळ दोन हजार वर्षे तशाच आहेत. तेथे धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. वेणुवासाचा पुत्र सामी, याने द्वार केले. त्याच लेण्यात मोठमोठ्या धनिकांचीही नावे आहेत. त्यांच्याच बरोबरीने, त्याच लिपीत, त्याच खडकावर सुताराचे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव, आणि काय केले ते.

आता चिटणीसांस आमची एक विनंती आहे. या स्मरणिकेत आपण दरवर्षी कुटुंबांची माहिती आणि वधूवरांची सूची छापतो. तीत वडिलांचा व्यवसाय या रकान्यात 'नोकरी' लिहिलेले असते, 'व्यापार' लिहिलेले असते. ज्यांचे वडील अजून हत्यार धरतात तेही पुष्कळदा 'खाजगी काम' असे लिहून मोकळे होतात. तो ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु पुढील अंकात एक नवा रकाना घालावा. आपल्या आजोबा-पणजोबांनी कोणत्या देवळाचा कळस घडविला, कोणत्या वाड्याचा दरवाजा कोरला, कोणती पालखी, कोणती घंटा, कोणते दागिने केले, ते ज्यांस आठवते त्यांनी कळवावे. ज्या म्हाताऱ्यांस ठाऊक आहे ते दरवर्षी कमी होत आहेत; गेल्या मेळाव्यात पहिल्या रांगेत बसलेल्यांपैकी तिघे आज येथे नाहीत. पत्र दिवाळीपूर्वी मंडळाच्या कार्यालयात पोचेल असे पाहावे. मोठा मजकूर नको. गाव, वस्तू, कर्त्याचे नाव आणि त्याच्या बापाचे नाव, एवढे लिहावे. सामीनेही तेवढेच लिहिले आहे.